‘क्रायॉनिक सस्पेन्शन’ला मराठीत काय म्हणावं?

खर्डेघाशा:
एका मासिकासाठी लेख मराठीत आणतोय. विषय आहे क्रायॉनिक सस्पेन्शन आणि उद्याच्या समाजात त्याची जागा. आतला मजकूर बऱ्यापैकी उतरला, घोडं अडलंय ते शीर्षकातच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणूस कायद्याने मृत ठरला की लगेच त्याचं शरीर थंड करायला घेतात. रक्त काढून त्याच्या जागी संरक्षक द्रावण भरतात, मग टप्प्याटप्प्याने तापमान उतरवत उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपात ठेवून देतात. ज्या आजाराने तो गेला त्यावर पुढेमागे इलाज निघेल आणि या सगळ्या उपद्व्यापात झालेली इजाही तेव्हाचं वैद्यक भरून काढेल, ही आशा. १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांपासून हे सुरू झालं. ते आजही ॲरिझोनातल्या एका संस्थेत तसेच आहेत. त्यांच्यामागून काही शे माणसं गेली, परत आलेलं कोणी नाही.

वर्तमानपत्रं ‘शीतनिद्रा’ लिहून मोकळी होतात. मला तो शब्द खुपतो, पण का ते धड सांगता येत नाही. कोशात ‘सस्पेन्शन’पुढे निलंबन, स्थगिती, तहकुबी अशी रांग आहे. दुसरी अडचण आतल्या माणसाची. संस्था त्याला ‘पेशंट’ म्हणतात. मी ‘रुग्ण’ लिहिलं आणि खोडलं. ‘शव’ लिहिलं, तेही खोडलं. सुचवा काहीतरी.

शेपूट:
निलंबन नको. प्राध्यापकांची खातेनिहाय चौकशी चालू आहे असं वाटेल.

कोशकीटक:
आधी एक सरमिसळ निस्तरू. क्रायोजेनिक्स म्हणजे अतिशीत तापमानाचं भौतिकशास्त्र आणि तंत्र. अग्निबाणाची क्रायोजेनिक इंजिनं त्यातली. क्रायोप्रिझर्व्हेशन म्हणजे पेशी, वीर्य, भ्रूण वगैरे थंडीत टिकवणं, आणि ते दवाखान्यांत रोज चालतं. क्रायॉनिक्स हा या घरातला सगळ्यात धाकटा शब्द. १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो घडवला गेला, तो फक्त माणसं ठेवण्याच्या या उद्योगासाठी. तिन्हींच्या मुळाशी ग्रीक ‘क्रायोस’, म्हणजे कडाक्याचा गारठा. बातम्यांमध्ये तिघांची एकच भेळ होते आणि मग रोजच्या वैद्यकाची अब्रू क्रायॉनिक्सला फुकट मिळते. ‘क्रायॉनिक्स’ आहे तसा ठेवा. भाषांतर हवंय ते ‘सस्पेन्शन’चं.

भिंगवाली:
‘शीतनिद्रा’ का खुपतो ते मी सांगते. मी जीवशास्त्र शिकवते. निद्रा म्हटली की जाग गृहीत धरली जाते. जो झोपलाय तो उठणारच, प्रश्न फक्त कधी एवढाच उरतो. इथे नेमका तोच प्रश्न सुटलेला नाही आणि शब्दाने तो परस्पर सोडवून टाकलाय.

शिवाय शीतनिद्रेतल्या प्राण्याचं हृदय चालू असतं, भले मिनिटाला मोजके ठोके पडोत. चरबी जळत असते. उणे १९६ ला काहीच चालू नसतं, रासायनिक क्रिया जवळपास थांबलेल्या असतात. जवळचं उदाहरण हवंच असेल तर उत्तर अमेरिकेतला वुड फ्रॉग घ्या. हिवाळ्यात त्याच्या अंगातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबतं, श्वास थांबतो, हातात घेतला तर दगड. वसंतात वितळतो आणि उड्या मारत निघून जातो. बर्फ धरायला लागला की यकृत भराभर ग्लुकोज सोडतं, त्यामुळे पेशी वाचतात. पण हा बेडूक शून्याच्या खाली थोडेच अंश उतरतो, आणि ही सोय त्याच्या अंगात जन्मजात असते. आपल्यात ती नाही.

‘गोठवणे’ही अर्धवटच. बेडफर्ड यांना जवळजवळ सरळ गोठवलं होतं. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींमधलं पाणी ओढून घेतात आणि ऊती फाडतात, म्हणून या शतकात पद्धत बदलली. आता इतकं दाट द्रावण भरतात की बर्फ धरतच नाही. द्रव घट्ट घट्ट होत उणे १२० अंशांच्या आसपास काचेसारखा होऊन बसतो. त्याला काचीभवन म्हणता येईल. ते झालं तरी संकट टळत नाही. द्रावण स्वतः विषारी असतं, आणखी थंड करताना काचेला तडे जातात, आणि परत गरम करताना सगळीकडे एकसारखी ऊब पोचली नाही तर वाटेतच बर्फ धरतो. २००९ मध्ये सशाच्या एका मूत्रपिंडाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काचीभवन करून, परत गरम करून, सशात बसवलेलं ते मूत्रपिंड चाललं. २०२३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या गटाने उंदरांची मूत्रपिंडं १०० दिवसांपर्यंत ठेवून परत बसवली. गरम करण्यासाठी त्यांनी द्रावणात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळले होते आणि बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र लावलं, त्यामुळे मूत्रपिंड आतूनच सगळीकडून एकदम तापलं. काम देखणं आहे, पण मूत्रपिंडाचं. आख्खा सस्तन प्राणी त्या तापमानाला नेऊन परत आणल्याचं उदाहरण नाही.

माझं मत ‘अतिशीत जतन’. ‘जतन’ जागं होण्याची हमी देत नाही.

काळाकोट:
मला ‘तहकुबी’ मोहात पाडत होती. तहकूब सभा संपलेली नसते, कागद तसेच टेबलावर राहतात. पण तहकुबीला पुढची तारीख लागते, इथे तारीख नाही. ‘स्थगिती’ कोणीतरी द्यावी लागते, आणि मृत्यूला स्थगिती देणारं कोर्ट अजून बसलेलं नाही.

तुमच्या लेखात ‘समाजातली जागा’ आहे म्हणून थोडं लांबण लावतो. या माणसाला समाज कुठे बसवणार हे आधी कायदा ठरवतो, आणि कायद्याकडे दोनच रकाने आहेत, हयात आणि मयत. हयात माणसावर हा प्रयोग केला तर तो खून ठरेल. म्हणून आधी डॉक्टरने मृत्यू जाहीर करायचा, मगच पथकाने हात लावायचा, अशी रीत आहे. म्हणजे कागदावर ही देहाची विल्हेवाट झाली, दहन आणि दफनाच्या रांगेतली. काही ठिकाणी तर त्या रांगेतही तिला जागा नाही. फ्रान्समध्ये रेमाँ मार्तिनो या डॉक्टरांनी १९८४ मध्ये पत्नीचा देह राहत्या गढीच्या तळघरात शीतकपाटात ठेवला. २००२ मध्ये ते गेले आणि मुलाने त्यांनाही तिथेच ठेवलं. प्रकरण वरच्या न्यायालयापर्यंत गेलं. दहन किंवा दफन, तिसरी वाट नाही, हेच उत्तर आलं. मग २००६ मध्ये यंत्र बिघडून तापमान चढलं आणि मुलाने दोघांचं दहन केलं.

२०१६ चं इंग्लंडमधलं प्रकरण वेगळं. चौदा वर्षांची मुलगी, कर्करोग हाताबाहेर गेलेला, आईवडील विभक्त. तिला हे करून हवं होतं, आई राजी होती, वडिलांचा विरोध. तिने न्यायाधीशांना लिहून कळवलं की मला जमिनीत पुरून घ्यायचं नाही, मला जगायचंय. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांनी देहाचं काय करायचं हे ठरवायचा अधिकार आईला दिला, आणि आपण या शास्त्राच्या खरेखोटेपणावर शिक्का मारत नाही, दोन पालकांमधला तंटा मिटवतोय, हे बजावलं. देह अमेरिकेला गेला. निकालातला तो संयम मला मोलाचा वाटतो. तुमच्या शब्दातही तोच हवा.

आता मालमत्ता. मयत इसमाची सगळी चीजवस्तू वारसांकडे जाते. म्हणून काही लोक जिवंतपणीच विश्वस्त निधी करून ठेवतात आणि लाभार्थी कोण, तर परत आलेला मीच. पण तो परत येईल तो कुठल्या नात्याने? बेपत्ता माणसाला मृत धरलं आणि तो दारात उभा राहिला, तर मुळातला दाखलाच चुकीचा होता असं म्हणून कायदा पुढे सरकतो. इथे दाखला बरोबर आहे, मृत्यू खरोखर झालाय, आणि तरी माणूस दारात उभा आहे. ही वाट कुठल्याच कायद्यात आखलेली नाही. या विषयाचं उद्या समाजात काही होणार असेल तर पहिली ठेच इथे लागेल.

उद्यावाला:
सगळे मिळून शब्दातली आशाच काढून टाकताय. ज्यांनी हे स्वतःसाठी निवडलं त्यांच्यासाठी तो मृतदेह नाही, म्हणून ते ‘पेशंट’ म्हणतात. त्यात फसवणूक कुठे आहे?

‘मृत’ या शब्दाची हद्द सरकत आलीय हे तरी मान्य करा. हृदय थांबलं म्हणजे खेळ संपला, असं एके काळी होतं. आज शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला गार करून रक्ताभिसरण काही काळ मुद्दाम बंद ठेवतात आणि परत चालू करतात. १९९९ मध्ये नॉर्वेत ॲना बोगनहोल्म ही डॉक्टर बर्फाखालच्या पाण्यात अडकली. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांवर उतरलं होतं, हृदय बंद होतं. ती वाचली, पुढे कामावरही गेली. क्रायॉनिक्सचे पुरस्कर्ते संगणकशास्त्रज्ञ राल्फ मर्कल यांचं म्हणणं असं की मेंदूतली रचना, म्हणजे आठवणी आणि स्वभाव ज्यात लिहिलाय ती मांडणी, कुठल्याही तंत्राने परत वाचता येणार नाही इतकी विस्कटली तरच मृत्यू झाला म्हणावं. त्या कसोटीवर पिंपातल्या माणसाचा निकाल लागलेला नाही.

म्हणून मी ‘न्यायप्रविष्ट’च्या चालीवर ‘काळप्रविष्ट’ सुचवतो. प्रकरण काळापुढे आहे.

शेपूट:
काळाच्या दाढेत शिरला तो काळप्रविष्ट. वाचक हाच अर्थ घेतील.

कोशकीटक:
शेपूट, आपल्याकडे ‘काळ’ म्हणजे वेळही आणि यमही, ही त्या शब्दाची अडचण नाही, बळ आहे. दोन्ही अर्थ इथे एकदम लागू पडतात. उद्यावाला, शब्द झकास. पण तो ललित लेखात शोभेल. माहितीच्या लेखात पहिल्यांदा वाचणारा तिथेच अडखळेल.

भिंगवाली:
बोगनहोल्मचं उदाहरण दर वेळी येतं. १३.७ अंश आणि उणे १९६ अंश यांच्यामध्ये पाण्याचा गोठणबिंदू आहे हो. तिच्या पेशी थंड झाल्या होत्या, त्यांतलं पाणी बदललं नव्हतं. मर्कल यांची कसोटी मला तात्त्विक म्हणून पटते. पण तिच्यावर ‘नापास’ असा शेरा कधी मारता येईल हे सांगा. ‘कुठल्याही तंत्राने’ म्हटलं की नापास व्हायची सोयच राहत नाही. भ्रूणाचंही उदाहरण लगेच येईल म्हणून आधीच सांगते. गोठवलेल्या भ्रूणापासून पहिलं मूल १९८४ मध्ये जन्मलं, आणि तीस वर्षं ठेवलेल्या भ्रूणांतूनही मुलं झाली. पण तो मूठभर पेशींचा गोळा, त्यात द्रावण क्षणात पोचतं आणि क्षणात निघतं. दीड किलोच्या मेंदूत तसं होत नाही.

खतावणी:
मी फक्त ‘जतन’ शब्दाच्या बाजूने बोलतो, पण कारण वेगळं आहे. निद्रा झोपणाऱ्याची असते आणि तहकुबी सभेची. जतन करायला मात्र दुसरं कोणीतरी लागतं, आणि ते रोज लागतं. शब्दातच हा दुसरा माणूस बसलाय, आणि क्रायॉनिक्सचा खरा इतिहास त्याचाच आहे.

पिंप कसं असतं ते पाहा. स्टेनलेस स्टीलचं, माणसाहून बरंच उंच, दुहेरी भिंतीचं, मधल्या पोकळीतली हवा काढलेली. मोठ्या पिंपात चार देह मावतात, सगळे उलटे, डोकं खाली आणि पाय वर. का? नायट्रोजनची पातळी उतरलीच तर आधी पाय उघडे पडावेत, मेंदू सगळ्यात शेवटी. वीज लागत नाही. नायट्रोजन आपला हळूहळू उकळून उडत राहतो आणि वरून भर घालत राहायची. करायचं एवढंच. फक्त ते शंभर-दोनशे वर्षं, खाडा न करता करायचं.

खाडा झाला की काय होतं ते कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थला दिसलं. तिथल्या दफनभूमीत एका संस्थेने जमिनीखालच्या खोलीत देह ठेवले होते. संस्थेचा प्रमुख रॉबर्ट नेल्सन हा मूळचा टीव्ही दुरुस्त करणारा. नातलगांकडून पैसे यायचे थांबले, नायट्रोजन थांबला, आणि बाहेर कोणाला पत्ता नाही. १९७९ मध्ये प्रकरण उघडकीला आलं तेव्हा नऊ देह वितळून गेलेले होते. नातलग कोर्टात गेले. बेडफर्ड यांना मुळात गोठवण्यात हाच नेल्सन होता, पण कुटुंबाने देह त्याच्याकडे राहू दिला नाही. इथून तिथे हलवत, पदरचे पैसे घालत त्यांनी तो १९८२ पर्यंत सांभाळला, मग आजच्या संस्थेकडे दिला. पहिला माणूस आज शिल्लक आहे तो कुठल्या शोधामुळे नाही, घरच्यांच्या चिकाटीमुळे आहे.

त्या धड्यानंतर संस्थांनी हप्त्यावर जतन करणं बंद केलं. आता रक्कम आगाऊ घेतात, बहुतेक जण आयुर्विम्यातून देतात, आणि तिचा एक भाग गुंतवून त्याच्या उत्पन्नावर नायट्रोजन चालतो. मिशिगनमधल्या दुसऱ्या एका संस्थेचा आकडा बरीच वर्षं २८,००० डॉलर आहे. ॲरिझोनात पूर्ण देहाला २ लाखांच्या वर. ही रक्कम पुरेल की नाही ते व्याजदरावर ठरणार, आणि दोनशे वर्षांचा व्याजदर सांगणारा अजून जन्माला यायचाय. ‘उद्याच्या समाजातली जागा’ या मथळ्याखाली मी तरी हेच लिहीन, की नातं नाही, ओळख नाही, चेहरा पाहिलेला नाही, अशा माणसांसाठी पिंपात भर घालणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या लागतील. उठलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न खूप नंतरचा. न उठलेल्यांचं काय करायचं हा आत्ताचाच आहे.

माजघर:
तुमचा सगळा वाद नामावर चाललाय. मला सर्वनामं आणि काळ छळतात. पिंपातल्या माणसाबद्दल घरी बोलायचं कसं? ‘बाबा म्हणायचे’ की ‘बाबा म्हणतात’? मागे राहिलेली बाई स्वतःला विधवा म्हणेल का? नावाआधी ‘कै.’ लावायचं म्हटलं तर हे कैलासवासी नव्हेत, ॲरिझोनावासी.

हसू येतं, पण रॉबर्ट एटिंगर यांचं घर बघा. या चळवळीचा पाया घालणारे हेच. त्यांची आई १९७७ मध्ये त्यांच्याच मिशिगनच्या संस्थेतली पहिली, पुढे पहिली बायको, मग दुसरी बायको, आणि २०११ मध्ये ते स्वतः. चौघं एकाच छताखाली. त्यांच्या कल्पनेप्रमाणे सगळे उठले तर त्या दोघींचं एकमेकींशी नातं काय? दुसरं लग्न पहिलीच्या मृत्यूनंतरचं, रीतसर. मराठीत मात्र एकच शब्द उरतो, सवत. आणि तिथे काळाकोट यांचा कायदा काय म्हणेल ते ऐकायला मला आवडेल.

वयाचंही तेच. बेडफर्ड १८९३ चे, गेले तेव्हा त्र्याहत्तर. उद्या उठले तर त्यांना पेन्शन कुठल्या वयाची? पणतू त्यांच्यापेक्षा म्हातारा असेल, तो त्यांना वाकून नमस्कार करणार की ते त्याला? शब्द शोधताना ही माणसं डोळ्यांसमोर ठेवा, एवढंच म्हणते. ‘रुग्ण’ म्हटलं की घरच्यांनी भेटीची वेळ पाळत बसायचं, ‘शव’ म्हटलं की दिवस घालून मोकळं व्हायचं. काहींना पहिलं हवं असतं, काहींना दुसरं, आणि एकाच घरात दोन्ही असतात. त्या मुलीच्या आईवडिलांसारखं.

काळाकोट:
मृत्यूने पहिलं लग्न संपतं. उठलं म्हणून ते आपोआप परत लागत नाही. सवत नाही, माजी पत्नी. कायदा इतकंच सांगू शकतो, पुढचं घरात बसून मिटवा.

शेपूट:
एक राहिलं. काही जण नुसतं डोकं ठेवतात. स्वस्त पडतं म्हणे, आणि बाकीचं अंग तेव्हाचे लोक नवीन देतीलच असा हिशेब. त्याला ‘देहजतन’ म्हणणार?

खर्डेघाशा:
सगळ्यांचे आभार. शीर्षकात ‘अतिशीत जतन’ घेतोय. त्यात ‘देह’ घेतला नाही, त्यामुळे शेपूट यांची डोकीही आत बसतात. क्रायॉनिक्स तसाच ठेवला. ‘शीतनिद्रा’ लेखात एकदाच येईल, ती लोक कशाला असं म्हणतात ते सांगण्यापुरती. काचीभवनाला अर्धा परिच्छेद दिलाय. ‘काळप्रविष्ट’ उद्यावाला यांच्या परवानगीने चौकटीत टाकणार आहे, संपादकांनी ठेवलं तर.

माणसासाठी नाम सापडलं नाही आणि आता शोधतही नाही. माजघर यांचं वाचल्यावर नावानेच लिहायचं ठरवलं, बेडफर्ड, एटिंगर, ती मुलगी. संस्थांच्या तोंडी ‘पेशंट’ अवतरणात, न्यायालयांच्या तोंडी ‘मृतदेह’ अवतरणात.

पण क्रियापदाने नवाच घोळ घातलाय. ‘बेडफर्ड यांना ठेवलं’ म्हटलं तर तो माणूस, ‘बेडफर्ड यांचा देह ठेवला’ म्हटलं तर वस्तू, म्हणजे विभक्ती लावताच बाजू घेतली जाते. आणि ‘बेडफर्ड यांनी देह ठेवला’ म्हटलं तर सरळ वारले. आत्ता मसुद्यात वाक्य असं आहे: ‘बेडफर्ड यांनी १२ जानेवारी १९६७ रोजी देह ठेवला आणि त्याच दिवशी तो ठेवण्यात आला.’ मुद्रितशोधक याला लाल गोल करणार हे नक्की. तरी मी ते तसंच पाठवतोय.

कोशकीटक:
पाठवा. गोल केला तर माझं नाव सांगा.